नऊ नंबर कुठून सुटते?

१२ जानेवारी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

ठकीचे वडील लिहीत आहेत. तिचं सामान घेऊन तू आमच्याकडे आली होतीस तेव्हा आपलं बोलणं झालं नाही. घरात माणसं फार होती, आणि मला तसंही पटकन बोलता येत नाही. दोन वर्षं तू तिच्याबरोबर नर्सची नोकरी केलीस, एका खोलीत राहिलीस, शेवटच्या तापात तिच्या उशाशी बसलीस. ते आम्ही विसरणार नाही.

आता एक काम सांगतो. तिच्या आईला तुमचं शहर बघायचं आहे. नोव्हेंबरात ठकी गेली तेव्हापासून ही उंबरठ्याबाहेर पडलेली नाही. शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम बंद आहे, मशीनवर झाकण आहे. जेवायला बसते ती मी बसवतो म्हणून. डॉक्टर म्हणाले, हिला काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा आपण होऊन बोलली, "ठकी रविवारी जिथे जिथे जायची, तिथे मला न्या." मी लगेच हो म्हणालो.

ठिकाणं तिला तोंडपाठ आहेत. दर रविवारी संध्याकाळी ठकीचा फोन यायचा. मी उचलून "आईला देतो" म्हणायचो, आणि मग मायलेकींचं शहर सुरू व्हायचं. हॉस्पिटलच्या फाटकासमोरून निघणारी नऊ नंबरची ट्राम. काचेच्या छपराची मंडई. जहाज आलं की मधोमध उचलला जाणारा पूल. भिंतभर पिंजरे टांगलेलं चहाचं दुकान, ज्याचा मालक पाखरांशी बोलतो आणि गिऱ्हाइकावर खेकसतो. टेकडीवरची दुर्बीण.

आम्ही दोघं मोठ्या शहरात कधी फिरलेलो नाही. म्हणून विचारतो, नऊ नंबर नेमकी कुठून सुटते? एका दिवसात यातलं किती बघून होईल? हिचे गुडघे दुखतात, टेकडी चढवेल का? हॉस्पिटलच्या जवळपास उतरायला साधी खोली मिळेल का?

उत्तर माझ्या कामावर, पंपहाउसच्या पत्त्यावर पाठव. फोन मात्र करू नकोस. आमचं घर दोन खोल्यांचं आहे, आणि फोन वाजला की ती अजून धावत येते.

ठकी तुला भोंगा म्हणायची, तिची आईही म्हणते. मला तसं लिहिणं बरं वाटेना.

तुझा,
ठकीचा बाबा


२१ जानेवारी

काकांना नमस्कार,

भोंगाच म्हणा. चांगल्या नावाने हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघत नाही. लहान मुलांच्या वॉर्डात मी एकदा "शांत बसा" म्हणून ओरडले आणि झोपलेली पोरं उठून बसली. त्या दिवशी ठकीने हे बारसं केलं.

काका, तुम्ही या, जरूर या, पण आता नको. या दिवसांत इथे वारा असा सुटतो की काकूंचे गुडघे धरतील. शिवाय सगळंच नेमकं बंद आहे. पूल रंगवायला काढलाय. मंडईची दुरुस्ती चाललीय. दुर्बीण साफ करायला कुठेतरी पाठवलीय, कधी येईल सांगता येत नाही. चहावाला आजारी आहे असं ऐकलं. पिंजऱ्यांचं कोण बघतं देव जाणे.

त्यापेक्षा उन्हाळ्यात या. नवीन कारंजी झालीत, दिव्यांची. मोठं सरकत्या जिन्यांचं दुकान झालंय, काकूंना चढावंसुद्धा लागणार नाही. हॉस्पिटलच्या बाजूला उतरू नका, तिथे काही बघण्यासारखं नाही. स्टेशनजवळ उतरा. मी स्वतः येऊन फिरवीन.

काकूंना सांगा, भोंगा जेवते-खाते, बरी आहे. त्याही जेवोत.

तुमची,
भोंगा


२९ जानेवारी

चि. भोंगा,

(तुझ्या म्हणण्याप्रमाणे लिहिलं.)

पत्र पोचलं. आमची तिकिटं निघाली आहेत, वीस फेब्रुवारीला पोचतो. उन्हाळ्यापर्यंत थांब असं मी तिला सांगून बघितलं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. पुन्हा मी ते सांगणार नाही.

आता दुसरं. मी पाणीपुरवठ्याच्या पंपावर सगळी नोकरी काढली आहे. एक झडप बिघडली तर आम्ही झडप उघडून बघतो. चारही झडपा एकदम बिघडल्या असं कोणी सांगितलं, तर झडपांकडे जात नाही, मुख्य वाहिनीकडे जातो. पूल रंगवायला, मंडई दुरुस्तीला, दुर्बीण धुवायला आणि चहावाला अंथरुणावर. आणि नऊ नंबर कुठून सुटते याबद्दल तू चकार शब्द लिहिला नाहीस. ते तर मी सगळ्यात आधी विचारलं होतं.

आमच्याकडे क्लोरीनची नळकांडी घेऊन येणारा ट्रकवाला तुमच्याच शहरातला आहे. त्याला सहज विचारलं. तो हसला. म्हणाला, "काका, ट्राम? माझा बाप अर्ध्या चड्डीत होता तेव्हा रूळ उखडले. आणि त्या हॉस्पिटलच्या गल्लीत बस वळत नाही, ट्राम कुठली?" उचलता पूलही त्याने ऐकलेला नाही.

तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, सरळ विचारतो. दोन वर्षं दर रविवारी माझी मुलगी कुठे होती? कोणाबरोबर होती? तिच्या आजाराबद्दल आम्हाला सांगितलं ते सगळं खरं आहे ना?

जे असेल ते लिही. मी ऐकून घेईन. तिच्या आईला कळू देणार नाही.

ठकीचा बाबा


४ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र वाचलं आणि इतका राग आला की उत्तर लिहून फाडलं. "कोणाबरोबर" या एका शब्दाचा राग. मग वाटलं, तुम्ही बाप आहात. माझ्या थापा ऐकून दुसरं काय सुचणार?

होती ती. दर रविवारी एका पुरुषाबरोबर होती. वय चौऱ्याऐंशी, गुडघ्याखाली दोन्ही पाय नाहीत, ठकीच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर असतो. नऊ नंबर ट्रामचा ड्रायव्हर. त्याला मागेपुढे कोणी नाही.

आता सगळंच सांगते. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात ठकी एकटी बाजारात गेली आणि चुकली. चुकीच्या थांब्यावर उतरली, विचारलं तर कोणी धड सांगेना, दोघेजण मागे लागले म्हणून धावत सुटली. परत आली ती अनवाणी. तिला काही झालं नव्हतं काका, खरंच काही नव्हतं झालं, पण तिची पाचावर धारण बसली ती बसली. त्यानंतर ती गल्लीच्या टोकाच्या औषधाच्या दुकानापलीकडे गेली नाही. मी हाताला धरून ओढलं, चिडवलं, रुसले. दुकान आलं की तिला घाम फुटायचा.

आणि फोनवर काकू दर वेळी एकच विचारायच्या. "काय गं, आज काय बघितलंस? की बसलीस घरकोंबडीसारखी? एवढं शिकवून पाठवलं ते भिंती बघायला का?" त्या प्रेमानेच म्हणायच्या, मला ठाऊक आहे. पण फोन ठेवल्यावर ही पांघरुणात तोंड घालायची.

एकदा त्या म्हाताऱ्याची पाठ पुसताना तिने त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना? बसा बाईसाहेब. नऊ नंबर रिकामीच निघालीय." तेव्हापासून ती रविवारची ड्यूटी मागून घ्यायची. दुपारी काम उरकलं की तो चमच्याने पेल्यावर घंटा वाजवायचा आणि तिला फिरवून आणायचा. मंडई, पूल, चहावाला, टेकडी, सगळं त्याच्या नऊ नंबरच्या रस्त्यावरचं, त्याच्या तरुणपणातलं. संध्याकाळी तेच ती काकूंना सांगायची. खोटं म्हणाल तर खोटं. पण फोन ठेवून खाटेवर पडली की मला म्हणायची, "भोंगे, पाय दुखले गं आज."

आजाराचं सगळं खरं आहे. ताप डोक्यात गेला, तिसऱ्या दिवशी संपलं. त्यात काही लपवलेलं नाही.

लपवलंय ते दुसरं, आणि तुमच्यापासून नाही. म्हाताऱ्याला आम्ही सांगितलेलं नाही. त्याचं हृदय नाजूक आहे, वॉर्डातल्या डॉक्टरांनी बजावलं की धक्का नको. ठकी रजेवर गेलीय असं सांगितलंय. मी ड्यूटीनंतर त्याच्याकडे जाते. "बाईसाहेबांची रजा संपली का?" "नाही आजोबा, वाढवलीय." तोंडात तीळ भिजत नाही म्हणून सगळे मला हसतात. हा तीळ मी नोव्हेंबरपासून धरून बसलेय.

तुम्ही हॉस्पिटलात आलात तर त्याला कळेल. शहरात फिरलात तर काकूंना कळेल की ठकी कुठेच गेली नव्हती, आणि का गेली नव्हती तेही कळेल. म्हणून म्हणते, येऊ नका.

भोंगा


९ फेब्रुवारी

चि. भोंगा,

पत्र पंपहाउसमध्ये वाचलं. पुन्हा वाचलं. यंत्राचा आवाज असतो, तेवढं बरं आहे.

रागावलीस ते योग्यच होतं. मी काय काय मनात आणलं होतं ते आता लिहीत नाही.

पण न येणं आता शक्य नाही. परवा घरी गेलो तर मशीनचा आवाज येत होता. दारातच उभा राहिलो. झाकण काढून ती प्रवासासाठी पिशवी शिवत होती, आतून कप्प्यांची. मला म्हणाली, "हा कप्पा तिकिटांचा. भोंग्याला काय आवडतं ते विचारून घ्या." तीन महिन्यांनी तिच्या हातात कात्री बघितली. आता तिला मी काय सांगू? पूल नाही? मंडई नाही? की तू घरकोंबडी म्हणालीस म्हणून पोरीला हे सगळं रचावं लागलं?

म्हणून एक विचारतो. मला असलं कधी जमलेलं नाही, आणि तुला सांगायचा हक्कही नाही. तुमच्या शहरात एखादी मंडई असेल. एखादा पूल असेल. तू बरोबर राहून हीच ती, हाच तो, असं म्हणशील का? तिने काही बघितलेलं नाही, तिला काय कळणार? दोन दिवस निभवायचं आहे. मी गप्प राहीन. गप्प राहणं मला जमतं.

ठकीचा बाबा


१४ फेब्रुवारी

काका,

बरं. करते.

मंडई आहे, पण पत्र्याची. काचा गारपिटीत फुटल्या म्हणू. पूल आहे, पण उचलत नाही. आता जहाजं येत नाहीत म्हणू. ट्राम याच वर्षी बंद झाली. चहाची दुकानं पायलीला पन्नास आहेत, त्यातल्या एकाला पोपट ठेवायला सांगितलंय, तो माझ्याकडे बघतच राहिला. टेकडीवर आता पाण्याची टाकी आहे, तिथे जायचं नाही. दुर्बिणीचं काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

एक अट आहे. हॉस्पिटलच्या बाजूला फिरकायचं नाही. काल म्हाताऱ्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तिला लिहा, माझी गाडी मध्येच उभी आहे. फार दिवस उभी करता येत नाही." मला तिथून पळावं लागलं.

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये तुमची खोली ठरवलीय. शनिवारी स्टेशनवर येते. हिरवा स्वेटर असेल.

भोंगा


१९ फेब्रुवारी
(लॉजच्या मालकाजवळ ठेवलेली)

काका,

मी स्टेशनवर आले नाही म्हणून मला शोधू नका. मी घरी जातेय, रजा टाकलीय.

आज मंडईत जाऊन तालीम केली. पत्र्याकडे बोट करून मोठ्याने म्हणून बघितलं, "काकू, इथे ठकी यायची." माझ्याच्याने नाही झालं. तुमच्यासमोर कदाचित झालं असतं, पण काकू माझ्या तोंडाकडे बघतील, आणि माझं तोंड कसं आहे ते तुम्ही जाणता.

लॉजमधून बाहेर पडलात की डावीकडे मंडई, तिथून सरळ पूल. उजवीकडे वळलात तर औषधाचं दुकान लागतं आणि मग ठकीची, हॉस्पिटलची गल्ली. तुम्हाला हवं तिकडे वळा. मी पळपुटी आहे. काकूंना माझा नमस्कार.

भोंगा


२६ फेब्रुवारी

चि. भोंगा,

खोली ठरवताना लिहिलेला तुझ्या घरचा पत्ता लॉजच्या मालकाने दिला. आधी हे सांगतो की लपून बसू नकोस. तुझ्यावर कोणी रागावलेलं नाही. म्हणजे ठकीची आई रागावली, पण सगळ्यांवरच रागावली, त्यात तूही आलीस.

तुझी चिठ्ठी मी खिशात ठेवली आणि तिला म्हणालो, भोंग्याला घरून बोलावणं आलं. सकाळी आम्ही डावीकडे वळलो. मंडईच्या दारात ती मान वर करून उभी राहिली. भाजीवाले ओरडत होते, माणसांचे धक्के लागत होते. मी गारपिटीचं वाक्य मनात दोनदा म्हणून ठेवलं होतं.

"काचा कुठायत?"

ते वाक्य मला आलंच नाही. तिला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं. घरकोंबडीसकट. मी आयुष्यात एका दमात एवढं बोललो नसेन.

ती रडेल, पडेल, अशी मला भीती होती. म्हणून हात धरायला गेलो तर तिने झिडकारला. "माझ्याशी बोलायला तिला शहर लागत होतं का हो?" म्हणाली. "नुसती बोलली असती तर मी फोन ठेवला असता का?" एक बाई कोथिंबीर निवडायची थांबून बघायला लागली. मी पाणी आणलं, ते हिने तसंच हातात धरलं. नंतर एकदम उठली.

"चला त्या म्हाताऱ्याकडे. बघू दे कोण माझ्या पोरीला फिरवत होता."

वाटेत मी हातापाया पडल्यासारखं सांगितलं की त्याला काही माहीत नाही, हृदय नाजूक आहे, तिथे फक्त नमस्कार करून निघू. "मला सांगितलंत ना?" ती म्हणाली. "माझं काय लोखंडाचं आहे?" गुडघे विसरून चालत होती. औषधाच्या दुकानापाशी मात्र थांबली. मागे वळून गल्लीबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं, तिथली वाहनं बघितली. "एवढी घाबरायची," म्हणाली, स्वतःशीच.

भेटीची वेळ होती. खिडकीजवळच्या खाटेवर तो उशीला टेकून बसला होता. माणूस वाळलेला, पण दाढी गुळगुळीत. त्याने हिच्याकडे बघितलं.

"नवीन आलात का बाई? सुई हळू टोचा, नाहीतर मी गाडीतून उतरवून देतो."

"मी ठकीची आई."

त्याचा चेहरा असा उजळला की मी खाटेची कड धरली. "या, या! कशा आहेत बाईसाहेब? सुट्टी फार झाली म्हणावं त्यांना."

मी हिच्या पाठीला हात लावला. गप्प राहा, एवढंच त्याच्यात होतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"तिला ताप आला होता," ती म्हणाली. "नोव्हेंबरात. त्यातच ती गेली. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही तिचे कोणीतरी आहात."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. श्वासाचा आवाज वाढला. परिचारिका धावत आली, नाडी बघितली, आम्हाला काय काय बोलली, बाहेर जा म्हणाली. मी दारापर्यंत गेलो. ही स्टूल ओढून बसली. "मला ओढून काढा," म्हणाली. डॉक्टर आले, गोळी देऊन थोडा वेळ थांबले. मी दाराच्या चौकटीत उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं, की आता हे मरण आमच्या हातून होणार.

मग तो भिंतीशीच बोलायला लागला. आवाज खोल होता.

"शेवटच्या रविवारी तिला कणकण वाटत होती. मीच म्हणालो, जा, पड जरा, गाडी इथेच उभी करू. आता ती कुठे उभी केली तेच आठवत नाही. रोज बघतो. सापडत नाही."

"छापखान्याच्या वळणावर," ठकीची आई म्हणाली.

त्याने उशीवरून डोकं उचललं.

"कागदाच्या गठ्ठ्यांची हातगाडी रुळात अडकली होती. तुम्ही घंटा बडवत होता. आणि तो हातगाडीवाला कमरेवर हात ठेवून म्हणत होता, रूळ काय तुझ्या बापाचे आहेत?"

तो हळूहळू वळला. डोळे ओले होते, पण बघत नीट होता. "मग मी काय म्हणालो त्याला?"

"ते तिने फोनवर सांगितलं नाही. म्हणाली, पुढचं पुढच्या रविवारी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी डॉक्टरांकडे. म्हाताऱ्याने तोंडावरून हात फिरवला. थोडं वर सरकायचं होतं, तर हिने उठून त्याला काखेत धरून सरकवलं, उशी सारखी केली.

"मी म्हणालो, बापाचे असते तर तुला आत बसवून फुकट नेला असता." त्याने दम घेतला. "तर तो हसला. मग आम्ही दोघांनी मिळून चाक उचललं. नीट बसा तुम्ही. पुढे उतार आहे, डावीकडे नदी दिसेल."

ही स्टुलावर सावरून बसली. खरोखरच्या गाडीत बसताना बसते तशी, मांडीवर पिशवी घेऊन. मी होतो तिथेच होतो. त्याची नजर हिच्यावरून माझ्यावर आली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"दारात कोण उभंय ते? कितींदा सांगायचं, दारात उभं राहायचं नाही. आत सरका. गाडी सुटतेय."

मी आत सरकलो.

तुझा,
काका